किनाऱ्यावरचे दोन फोल्डर

सर्व्हरवर शेजारीशेजारी दोन फोल्डर, दोन्हींचं नाव 'किनाऱ्यावर'. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहूच शकत नाहीत. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

काम तसं साधं. एका मासिकाचे जुने स्कॅन काही विंडोजवर, काही जुन्या मॅकवर पडलेले. सगळे लिनक्स सर्व्हरवर आणायचे. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला बसलो. पहिला दिवस रेघांतच गेला: विंडोजची '\', इतरांची '/'. दुखणं 1983चं. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि '/' कमांडचे पर्याय द्यायला वापरली जायची. दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती खूण अडकलेली, म्हणून उलटी घेतली. सरसकट '\' ची '/' करून मोकळं व्हावंसं वाटतं, पण लिनक्सवर '\' फाइलच्या नावातही चालते. विंडोजचा पाथ विंडोजच्याच नियमांनी वाचलेला बरा. पायथनचं प्युअरविंडोजपाथ लिनक्सवरही ते करतं.

'..' ने तर फसवलंच. 'अंक/जुने/..' म्हणजे 'अंक', असं पायथनचं नॉर्मपाथ नुसत्या अक्षरांवरून ठरवतं. आमच्याकडे 'जुने' ही सिमलिंक होती, दुसऱ्याच डिस्कवर नेणारी. तिथून एक पायरी वर गेलं की 'अंक' कुठला! रिझॉल्व्ह वापरलं; ते डिस्कला विचारून सांगतं.

स्मॉल-कॅपिटलचा घोळ देवनागरीत नाही, म्हणून नावांच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. शेवटी त्या दोन नावांचे बाइट छापले. एकीकडे 'ऱ' तीन बाइटांचा. दुसरीकडे सहा: आधी साधा 'र', मग नुक्ता. जुन्या मॅकची फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नाव साठवताना अक्षर असं फोडून ठेवते. लिनक्स फक्त बाइट बघतो, त्याच्या लेखी ही दोन नावं. पडद्यावर मात्र डिट्टो. माझ्या चाचण्या सगळ्या इंग्रजी नावांवर होत्या, त्यामुळे बिनबोभाट पास.

आता प्रत्येक नाव आधी एनएफसी रूपात आणतो, म्हणजे र आणि नुक्ता पुन्हा एक होतात, आणि मगच जुळवतो. दोन्ही फोल्डर एकत्र करायला घेतले, तर दोन्हींत 'मुखपृष्ठ' नावाची फाइल, आकार वेगवेगळा. खरी कुठली? स्क्रिप्ट थांबवली आणि संपादकांना फोन लावला.