कुंडींतील चिलटें

शहरांतील घरांना अंगण राहिलें नाहीं, तेव्हां झाडें खिडकींत आणि दिवाणखान्यांत आलीं. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु झाडाबरोबर मातीही घरांत येते आणि मातीबरोबर तींतील जीवही येतात, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं. पावसाळा लागला कीं कांहीं दिवसांतच बारीक काळीं चिलटें वर्तमानपत्रावर, चहाच्या पेल्यावर आणि दिव्याभोंवतीं घिरट्या घालूं लागतात. मग घरचे गृहस्थ डासांच्या औषधाचा फवारा हातीं घेतात. त्याच खोलींत पाळण्यांत मूल निजलेलें असतें, पलीकडे ताटें वाढलेलीं असतात; फवारा मात्र सकाळ-संध्याकाळ चालूच. ह्या विषयावर बोलावेंसें वाटलें तें एवढ्याकरितां कीं, तेवढें विष घरांत उडवूनही चिलटांचा वंश खुंटत नाहीं.

प्रथम ओळख पटवूं या. केळ्यांच्या फण्यावर बसणाऱ्या, बहुधा तांबड्या डोळ्यांच्या माश्या निराळ्या. मोरीच्या भिंतीवर बसणारी, पतंगासारखी केसाळ माशी तीही निराळी. कुंडींतील चिलट दोन ते चार मिलिमीटर लांब, काळसर आणि लांब पायांचें असतें. भिंगांतून पाहिल्यास त्याच्या पंखावर इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली शीर दिसते. तें उडण्यांत दुबळें असल्यामुळें कुंडीच्या आसपासच घोटाळतें आणि मातीवर तुरुतुरु चालतें. तें चावत नाहीं, हें भित्र्या मंडळींसाठीं मुद्दाम सांगतों. शास्त्रज्ञ ह्याच्या कुलास सायारिडी म्हणतात.

आतां ह्याचा जन्मक्रम नीट समजून घ्यावा. सारा उपाय त्यांतच आहे. प्रौढ चिलट आठ-दहा दिवसच जगतें. तेवढ्या अवधींत एक मादी ओल्या मातीच्या भेगांत शंभरावर अंडीं घालूं शकते. चार-सहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. पांढुरक्या, कांचेसारख्या पारदर्शक, आणि डोकें तेवढें काळें चकचकीत. ह्या अळ्या सुमारें दोन आठवडे मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहून बुरशी, शेवाळ आणि कुजकें द्रव्य खातात. नंतर कोष, आणि चार-पांच दिवसांनीं पुन्हां चिलट. हवा उबदार असली कीं हें चक्र तीन-चार आठवड्यांत पुरें होतें. गणितापुरतें धरा कीं शंभर अंड्यांतून पन्नास माद्या झाल्या. पुढच्याच पिढींत पांच हजार अंडीं! सारीं जगत नाहींत हें खरें, पण फवाऱ्यानें हवेंतलीं वीस चिलटें मारणाऱ्याची लढाई कोणाशीं चालली आहे, तें ह्यावरून कळेल.

मोठ्या, जोमदार झाडास ह्या अळ्या फारसें छळीत नाहींत. परंतु संख्या वाढली, कीं त्या तंतुमुळें कुरतडूं लागतात. नुकतें उगवलेलें तुळशीचें रोप किंवा नुकतीच मुळें फुटलेली फांदी त्यापायीं मान टाकते. शिवाय मूळकुजीच्या बुरशा एका कुंडींतून दुसऱ्या कुंडींत नेण्याचें कामही चिलटें करतात. येथें एक मोठा फसवा प्रकार घडतो. मुळें तुटलेलें झाड पाणी ओढूं शकत नाहीं, म्हणून त्याचीं पानें लोंबतात. घरच्या माउलीस वाटतें, बिचारें तहानलेलें आहे! ती आणखी एक तांब्या ओतते. माती अधिक ओली होते, अळ्या अधिक वाढतात, मुळें अधिक तुटतात आणि झाड अधिकच लोंबतें. पुष्कळ झाडें अशीं मायेनें मारलीं जातात.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा संयम. आपल्या शेतकऱ्यांत वाफसा हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. माती चिखलही नाहीं आणि कोरडीठक्कही नाहीं, अशी स्थिति. बोटाचीं दोन पेरें मातींत खुपसून पहावीं. तेथवर कोरडें लागलें तरच पाणी द्यावें. वरचा थर वाळला कीं अंडीं व कोवळ्या अळ्या सुकून मरतात, आणि मादीही तेथें अंडीं घालण्यास नाखूष असते. कुंडीखालच्या ताटलींतील पाणी अर्ध्या तासांत ओतून टाकावें. नारळाच्या सोडणांचा भुसा, ज्यास बाजारांत कोकोपीट म्हणतात, तो वरून सुकलेला दिसला तरी आंत ओल धरून असतो. त्या कुंड्यांस बोटाची परीक्षा विशेष अवश्य. आणि चहाचा चोथा, तांदुळाचें धुवण, दुधाच्या भांड्याचें विसळण कुंडींत ओतण्याची आपली काटकसरी चाल घरांतील कुंड्यांपुरती तरी सोडावी. त्यानें बुरशीस मेजवानी आणि अळीस पंक्ति मिळते.

अळ्या आहेत कीं नाहींत हें पहावयाचें असल्यास बटाट्याची इंचभर जाड चकती कापून कापलेली बाजू मातीवर दाबून ठेवावी. दोन दिवसांनीं उलटून पहा. अळ्या असतील तर तेथें गोळा झालेल्या दिसतील. मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. पुस्तकांतल्या चित्रापेक्षां तो अधिक शिकवितो. प्रौढ चिलटांना पिवळ्या रंगाचा मोह असतो. पिवळ्या पुठ्ठ्याचा तुकडा एरंडेल माखून मातीलगत आडवा ठेवावा. ह्यानें अंडीं घालणाऱ्या माद्या घटतात, आणि रोज किती सांपडलीं तें मोजल्यास उपाय लागू पडतो कीं नाहीं हेंही कळतें.

एवढ्यानें भागलें नाहीं तर औषध. १९७६ सालीं इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटांतील एका डबक्यांत डासांच्या अळ्या मारणारा एक जीवाणु सांपडला. त्याचें नांव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. डासांच्या अळ्यांसाठीं म्हणून तो विकत मिळतो. पाण्यांत कालवून मातींत घातला कीं अळी तो खाते, त्यांतील स्फटिक तिच्या आंतड्यांतील क्षारयुक्त रसांत विरघळतात आणि आंतडें फाटून ती मरते. माणसांस, मांजरांस अथवा गांडुळांस त्याची बाधा नाहीं. मात्र फुलपांखरांच्या अळ्यांसाठीं ह्याच जीवाणूची दुसरी जात विकली जाते, ती येथें निरुपयोगी. वेष्टन वाचून घ्यावें. तो न मिळाल्यास पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून तो अर्क मातींत द्यावा. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याची सूचना बरेच जण करतात; त्यानें कोवळ्या मुळांसही झळ लागूं शकते, म्हणून मला ती पसंत नाहीं.

कोणतेंही औषध घेतलें तरी आठवड्यास एकदां, असें निदान चार आठवडे द्यावें. पहिल्या आठवड्यांत चिलटें दिसतच राहतील, कारण तीं आधींच कोषांत होतीं. तेवढ्यावरून उपाय सोडूं नये. आणि ह्यापुढें रोपवाटिकेंतून नवी कुंडी आणलीत, तर ती दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर, गॅलरीच्या एका टोकाला ठेवा आणि तिच्या मातीवर बटाट्याची चकती ठेवून पहा.