शाळा सुटताना पालकांना गेटबाहेर का थांबवतात?

शाळा सुटायची वेळ. गेटबाहेर दुचाक्यांची गर्दी आणि आतून एकच उत्तर, "बाहेरच थांबा." पहिलीतल्या लेकराला वर्गातून आणायलाही मनाई का?

कारण साधं आहे. सगळेच आत शिरले, तर कोणतं मूल कोणासोबत गेलं हे शिक्षकांना कळत नाही.

ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूर प्रकरणानंतर दक्षता वाढली. 21 ऑगस्टच्या शासन निर्णयानं शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायला सांगितलं. पण तिथं आरोप शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर होता. म्हणजे नुसतं गेट बंद करून भागत नाही.

गेटबाहेरचा रस्ताही धोक्याचा. माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर हे पांडुरंग साखर कारखान्याचं गाव. अशा गावांत गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि घरी निघालेली पोरं एकाच रस्त्यावर येतात.

मग पालकांनी काय करायचं? शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार, विनाअनुदानित शाळा वगळता, शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. थांबायची जागा, वर्गवार सुटण्याची वेळ, मुलाला कोण नेणार याची नोंद, हे सगळं तिथं मांडता येतं. गेटवर वाद घालण्यापेक्षा समितीच्या बैठकीत विषय काढा.