नांदेडची शस्त्रं आणि लातूरचे वीस दिवस

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात संध्याकाळच्या आरतीनंतर गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं दाखवली जातात. सेवादार एकेक शस्त्र उचलून धरतो, त्याची ओळख सांगतो, आणि पुढे बसलेली संगत हात जोडते. दसऱ्याला खंडेनवमी करणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण शस्त्रापुढे हात जोडणं सोपं असतं. त्या शस्त्रानं कुणाला मारावं आणि कुठे थांबावं, हे ठरवायची वेळ आली की भल्याभल्यांची पंचाईत होते.

गुरूंनी आपल्यापुरतं ते ठरवलं होतं. १७०५मध्ये औरंगजेबाला फारसीत लिहिलेल्या ‘जफरनामा’ या पत्रात त्यांनी शपथभंगाबद्दल बादशहाला खडसावलं आणि तलवारीची अटही सांगून टाकली: बाकीचे सगळे उपाय हरले, तरच ती उपसणं योग्य. ही अट लिहिणाऱ्याच्या दोन धाकट्या मुलांना सरहिंदच्या वजीर खानानं नुकतंच मारलं होतं, हे विसरून चालत नाही. सूडाची भाषा त्यांच्या तोंडी शोभली असती.

तीन वर्षांनी, १७०८मध्ये, नांदेडला गोदाकाठी माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला. गुरूंनी त्याला बंदा म्हणून पंजाबला धाडलं. नांदेडचा बंदाघाट आजही त्याची आठवण सांगतो. मे १७१०मध्ये चप्परचिडीच्या लढाईत वजीर खान मारला गेला. त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणायला कुणी जाणार नाही. पण लढाई जिंकल्यावर सरहिंद लुटलं गेलं, माणसं कापली गेली. किती, यावर इतिहासकारांचं आजही जमत नाही. गुन्हेगार रणात पडला होता, तरी हत्यार म्यान झालं नाही.

हाच पेच पुण्यात निराळ्या रूपानं आला होता. जून १८९७मध्ये टिळकांनी अफजलखानाच्या वधाचं समर्थन केलं. स्वार्थासाठी मारलं नसेल तर दोष लागत नाही, असा त्यांचा गीतेच्या आधारानं केलेला युक्तिवाद होता. २२ जूनला चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री दुसऱ्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. रँडवर पुण्याचा राग होता, आयर्स्टवर कसला? मारणाऱ्याचा हेतू कितीही निःस्वार्थ असला, तरी मरणारा कोण होता हा प्रश्न त्यानं मिटत नाही.

मराठवाड्याला या प्रश्नाची धग १९४८मध्ये लागली. निजामाच्या राज्यात रझाकार या सशस्त्र टोळ्यांनी गावंच्या गावं उद्ध्वस्त करायला घेतली होती. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. बिलोलीचे गोविंदराव पानसरे १९४६मध्येच अर्जापूरजवळ मारले गेले होते. समोर स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ उभे होते, ते गांधींचे अनुयायी. पण नुसत्या सत्याग्रहावर रझाकार थांबत नाहीत हे दिसल्यावर सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली ती ३० जानेवारी १९४८ला, म्हणजे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी. उमरीच्या पैशांचा काटेकोर हिशेब ठेवला गेला, हे मराठवाड्यात अभिमानानं सांगतात. सांगावंच. घरावर चालून आलेल्याला अडवणाऱ्या हाताला दोष देणं सुरक्षित अंतरावर बसलेल्यालाच जमतं.

जिवांचा हिशेब मात्र कुणी असा अभिमानानं सांगत नाही.

भारतीय फौजेच्या ‘पोलीस कारवाई’पुढे १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. रझाकारांचा कणा मोडला, रझवी पकडला गेला. म्हणजे मारण्यासाठी जे कारण होतं, ते त्या दिवशी संपलं होतं. पुढे काय घडलं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होतं आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं.

लातूरबद्दल समितीनं लिहिलेलं वाचवत नाही. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांमुळे भरभराटलेली ही पेठ, इथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला गावात दिसले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. यातल्या किती जणांनी रझाकारांचा गणवेश घातला होता? वकील लातूरचा होता, एवढ्यावरून त्याच्या गावातल्या दुकानदाराचा गळा कापायचा, तर हा न्याय रझाकारांच्या न्यायापेक्षा वेगळा कसा?

सरदार पटेलांना तो अहवाल एकतर्फी वाटला. रझाकारांच्या अत्याचारांकडे त्यानं कानाडोळा केला, असं त्यांचं म्हणणं होतं. तो कित्येक दशकं बाहेर आला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना तो पाहता येऊ लागला २०१३मध्ये. आकड्यांवर वाद घालायला जागा आहे, आणि ते घातलेही जातात. रझाकारांचे अत्याचार खरे होते, याबद्दल वाद नाही. पण त्या अत्याचारांनी लातूरचे वीस दिवस झाकले जात नाहीत.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. ती इतक्या ठळकपणे कुणी सांगत नाही. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले. ज्यांच्यापासून त्यांना वाचवायचं होतं ते हिंदूच होते, आणि या विणकरांतल्या काहींचा त्यात जीव गेला. पळवलेल्या मुसलमान बायका शोधून परत आणायलाही कित्येक हिंदूंनी मदत केली.