तीन रोग, एक तिजोरी

जगात सर्वाधिक बळी घेणारा संसर्गजन्य रोग कोणता, असे विचारले तर अनेकांच्या ओठांवर एड्सचे नाव येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये क्षयरोगाने सुमारे साडेबारा लाख माणसे दगावली. त्याच वर्षी एड्सशी निगडित आजारांनी सुमारे ६ लाख ३० हजार, तर मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार जणांचा बळी घेतला.

आता पैशाचा हिशेब पाहू. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत एचआयव्हीविरोधी कार्यासाठी २०२३ मध्ये जवळपास २० अब्ज डॉलर उपलब्ध झाले. क्षयरोगाच्या निदान व उपचारांसाठी ५.७ अब्ज मिळाले, तर मलेरियाच्या वाट्याला सुमारे ४ अब्ज आले. केवळ परदेशी मदत पाहिली तर दरी आणखी रुंदावते. एचआयव्हीसाठी ही मदत सुमारे ८ अब्ज होती, क्षयरोगासाठी ती सव्वा अब्जाच्या आसपास राहिली.

या विषमतेचे मूळ इतिहासात आहे. एड्सची पहिली नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. संपन्न देशांतील सुशिक्षित व संघटित रुग्णांनी सरकारांवर आणि औषध कंपन्यांवर दबाव आणला. क्षयरोग मात्र तोवर त्या देशांच्या विस्मरणात गेला होता. त्याचा रुग्ण बहुधा गरीब. बरा झाला की तो रोगाचे नावही काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच क्षयरोगाला जागतिक आणीबाणी ठरवले, पण त्यामागे तिजोरी उघडली नाही. उलट जानेवारी २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एड्सवर चर्चा झाली आणि २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची एड्सविरोधी योजना जाहीर केली.

तिन्ही रोगांसाठी २००२ मध्ये स्थापन झालेल्या जिनिव्हातील ‘ग्लोबल फंड’च्या वाटपातही हेच चित्र उमटले. अनेक वर्षे एचआयव्हीला ५० टक्के, मलेरियाला ३२ टक्के आणि क्षयरोगाला १८ टक्के असे सूत्र होते. २०२३ ते २०२५ या काळासाठी १२ अब्ज डॉलरच्या वरच्या रकमेत क्षयरोगाचा हिस्सा २५ टक्के करण्यात आला. क्षयरोगासाठीच्या आंतरराष्ट्रीय मदतीपैकी सुमारे तीन चतुर्थांश मदत याच निधीतून येत असल्याने या टक्केवारीला महत्त्व आहे.

मग एड्सचा पैसा काढून क्षयरोगाला द्यावा काय? हा निष्कर्ष घाईचा ठरेल. २००४ मध्ये एड्सने २० लाखांहून अधिक बळी घेतले होते. आजचा आकडा त्याच्या एक तृतीयांशाहून कमी आहे, तो या पैशामुळेच. मुंबईच्या ‘सिप्ला’ने २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला आणि गरीब देशांतही उपचार आवाक्यात आले. २०२३ मध्ये तीन कोटींहून अधिक लोक हे उपचार घेत होते. हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. पैसा आटला की मृत्यू परततात. शिवाय एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागचे सर्वांत मोठे कारण क्षयरोगच आहे. रुग्ण एकच असताना दोन रोगांच्या निधीची खाती वेगळी ठेवणे त्याच्या हिताचे नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. क्षयरोगावरील खर्चाचा सुमारे ८० टक्के भार रुग्णबहुल देश स्वतःच उचलतात. २०२३ मध्ये जगातील सुमारे २६ टक्के क्षयरुग्ण भारतात होते आणि आपला कार्यक्रम मुख्यतः आपल्याच पैशावर चालतो. परदेशी मदतीची खरी निकड आहे ती आफ्रिकेतील अतिगरीब देशांना. तुटवड्याची सर्वांत मोठी किंमत मात्र संशोधन मोजते. १९२१ ची बीसीजी आजही क्षयरोगावरील एकमेव परवानाप्राप्त लस आहे. संशोधनासाठी वर्षाला ५ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट असताना २०२३ मध्ये १.२ अब्जच मिळाले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि १ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’ ही तिची मदतसंस्था बंद झाली. ‘ग्लोबल फंड’ने १८ अब्ज डॉलरची मागणी केली होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये आश्वासने मिळाली ११.३ अब्जांची. तिजोरीच आटली की तीन रोगांचे रुग्ण एकमेकांच्या ताटातील घास मोजू लागतात. दोष त्यांचा नाही. रोगाचे ओझे किती, उपचार किती काळ चालतो आणि त्या देशाची स्वतःची ऐपत किती, या तीन निकषांवर वाटप व्हायला हवे. ज्याचा आवाज मोठा, त्याचा वाटा मोठा, हा न्याय रोगजंतूंना मान्य नसतो.