चला, चित्रकथा काढू या

मुलांनो, चित्रकथा तुम्ही आवडीने वाचता. प्राण यांचे चाचा चौधरी आणि साबू तुमच्या ओळखीचे असतील. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' या मालेतील एखादे पुस्तकही तुम्ही पाहिले असेल. पण स्वतः चित्रकथा काढायची म्हटले, की बहुतेक मुले म्हणतात, "आम्हांला चित्रे कुठे काढता येतात?"

जिनिव्हा शहरात रोडॉल्फ टॉफर नावाचे एक शिक्षक होते. त्यांचे वडील चित्रकार होते. त्यांनाही चित्रकार व्हायचे होते. पण डोळ्यांच्या विकारामुळे ते जमले नाही. मग त्यांनी मुलांची शाळा काढली. विद्यार्थ्यांची करमणूक व्हावी म्हणून ते चौकटी आखून त्यांत वाकड्यातिकड्या रेषांनी माणसे काढत आणि खाली दोन ओळी लिहीत. जर्मन कवी गटे यांनी ती चित्रे पाहून त्यांचे कौतुक केले. (इक्बाल यांनी ज्यांच्या काव्याला उत्तर म्हणून 'पयामे मशरिक' लिहिले, तेच हे गटे.) पुढे १८३०च्या दशकात या चित्रकथा छापल्या गेल्या. आजच्या चित्रकथेची सुरुवात अनेक जाणकार टॉफर यांच्यापासून मानतात. सांगायचे एवढेच, की चित्रकथेला सुंदर चित्रांपेक्षा नेमकी चित्रे लागतात.

नेमकी म्हणजे कोणती? एक छोटीशी गोष्ट घेऊ. पावसाळ्याचे दिवस आहेत. अम्मी साजिदला पाव आणायला पाठवते आणि बजावते, "छत्री घे. पाव भिजवू नकोस हं!" साजिद पाव घेऊन घरी येतो. तो नखशिखान्त भिजलेला आहे; छत्री मात्र त्याने पावांच्या पिशवीवर धरली आहे!

ही गोष्ट चार चौकटींत बसते. पहिलीत अम्मी आणि साजिद. दुसरीत बेकरीच्या दाराशी उभा असलेला साजिद. तो एकदा छत्रीकडे आणि एकदा पिशवीकडे पाहत विचार करतो आहे. तिसरीत घराचे दार, भिजलेला साजिद आणि कोरडी पिशवी. चौथीत फक्त अम्मीचा चेहरा. बेकरीपासून घरापर्यंतचा रस्ता आपण काढलाच नाही. तो काढायचाही नाही. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत वाचक स्वतःच साजिदला चालवत घरी आणतो, आणि म्हणूनच तिसऱ्या चौकटीत त्याला हसू येते. रस्ता दाखवला असता, तर गंमत आधीच फुटली असती. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली 'सकाळ' दैनिकात सुरू झाला. तोही असाच तीन-चार चौकटींत आटोपायचा. सुरुवातीला तुम्हीही चारच चौकटी घ्या. चाळीस पानांची साहसकथा नंतर!

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. ही सवय अक्षरांपुरती राहत नाही, चित्रांनाही लागू होते. मराठी चित्रकथेत पहिली चौकट डावीकडे असते, तर उर्दूत ती उजवीकडे असते. चौकटीच्या आतही हाच नियम आहे. जो आधी बोलतो, त्याला वाचन जिथून सुरू होते त्या बाजूला उभे करावे. आपल्या गोष्टीत अम्मी आधी बोलते. म्हणून मराठीत ती डावीकडे हवी आणि उर्दूत उजवीकडे. नाहीतर "हो, अम्मी" हे उत्तर आधी वाचले जाईल आणि सूचना मागाहून!

मग मराठी पान उलटे करून उर्दूसाठी वापरले तर? करून पाहा. कागदाची मागची बाजू आपल्याकडे करून तो खिडकीच्या काचेवर धरा. चौकटींचा क्रम बदलतो, हे खरे. पण साजिदने उजव्या हातात धरलेली पिशवी डाव्या हातात जाते आणि बेकरीची पाटी उलटी दिसते. जपानी चित्रकथाही उजवीकडून डावीकडे वाचतात. त्या इंग्रजीत येऊ लागल्या, तेव्हा पुष्कळदा अशाच उलट्या छापत, आणि उजवे योद्धे डावखुरे होत! पुढे प्रकाशकांनी बऱ्याच पुस्तकांत मूळ दिशाच कायम ठेवली. तुम्ही मात्र चित्रे नव्याने काढा. चारच तर आहेत.

साहित्य थोडेच लागते : कोरा कागद, पेन्सिल, पट्टी, खोडरबर आणि काळी शाई किंवा काळे पेन. (कागद आणि शाई हे शब्द ओळखीचे वाटले ना? तुमचेच 'कागज' आणि 'सियाही' मराठीत येऊन राहिले आहेत.) आधी पेन्सिलीने चौकटी आखा. मग चित्राआधी संवाद लिहा. नवशिके नेमके उलटे करतात. आधी फुगा काढतात आणि मग त्यात शब्द कोंबतात. मराठी अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. त्यांना जागा सोडा. उर्दूच्या नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली उतरत जातात, तेव्हा तिथे आणखी उंची लागते. शब्द नीट बसले, की त्यांच्याभोवती फुगा काढा आणि उरलेल्या जागेत माणसे. चेहऱ्यासाठी एक गोल, दोन ठिपके आणि भुवयांच्या दोन रेषा पुरतात. भुवया आत झुकल्या, की राग. वर गेल्या, की आश्चर्य. साजिद ओळखू यावा म्हणून त्याचा सदरा प्रत्येक चौकटीत सारखाच ठेवा. शेवटी शाईने गिरवा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबराला हात लावू नका.

तयार झालेले पान गोष्ट माहीत नसलेल्या मित्राला द्या आणि आपण गप्प बसा. तो न विचारता हसला, तर काम झाले. "छत्री कोणावर धरली आहे?" असे त्याने विचारले, तर तोंडाने समजावू नका. तिसरी चौकट पुन्हा काढा. या वेळी छत्री आणि पिशवी आणखी मोठी दाखवा.