थंडीत ट्रॅक्टर चालू होईना : आधी आवाज ऐका, मग चावी फिरवा



गाळप हंगाम आणि थंडी या दोन गोष्टी आपल्याकडे जोडीनेच येतात. गव्हाणीत मोळी पडते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि हंगाम ऐन भरात असतो तो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पहाटे शेकोटीपासून उठू नये असे वाटते तेव्हा. नेमक्या त्याच दिवसांत फडावरून निरोप येतो, "ट्रॅक्टर चालू होईना." टोळीने ऊस तोडून टाकलेला, मोळ्या बांधून तयार, ट्रॉली रिकामी उभी, आणि ड्रायव्हर चावी फिरवून फिरवून भर थंडीत घामाघूम झालेला!

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि साखरही घटते, हे आपणांस नव्याने सांगायला नको. थंडीत ही घट उन्हाळ्याइतकी झपाट्याने होत नाही, एवढाच काय तो दिलासा. पण टोळीचा दिवस मोडतो, यार्डातला नंबर मागे पडतो आणि दुपारची खेप रात्रीवर जाते. मग घाई होते. घाईत चावी मिनिट-मिनिटभर दाबून धरली जाते, अर्ध्या तासात बॅटरी पार बसते, सेल्फचे वाइंडिंग जळते, आणि मूळ दोष दहा मिनिटांत निघण्यासारखा असला तरी खर्च मात्र मोठा होऊन बसतो. म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

थंडीत नेमके काय होते ते आधी पाहू. पेट्रोलच्या गाडीत प्लगची ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. पिस्टन हवेला दाबून दाबून मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि तीत डिझेलचा फवारा पडला की तो पेट घेतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते ना, तोच प्रकार. आता पहाटे सगळे इंजिन गारठलेले असते. हवेची बरीचशी उष्णता गार लोखंडच पिऊन टाकते. त्यात इंजिन हळू फिरले तर उष्णतेला निसटायला आणखी वेळ मिळतो आणि दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून गळते. म्हणजे थंडीत इंजिन जोराने फिरायला हवे, आणि नेमके थंडीतच ते जोराने फिरत नाही. ऑईल घट्ट झालेले असते आणि बॅटरीचा जोर उतरलेला असतो. २७ अंशांना पुरा जोर देणारी बॅटरी शून्याच्या आसपास साधारण दोन-तृतीयांशच जोर देते. आपल्याकडे शून्य अंश क्वचितच, हे खरे. पण निफाडकडच्या बागायतदारांना विचारा. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. नदीकाठच्या फडात गावापेक्षा दोन-तीन अंश थंडी जास्तच असते.

तेव्हा पहिला नियम असा, की चावी एकदाच फिरवायची, दहा सेकंद. त्या आधी हेडलाईट लावायची आणि एका गड्याला सायलेन्सरकडे बघत उभे करायचे. सेल्फचा आवाज कसा येतो, लाईट मंद होते का, आणि धूर येतो का, या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पुन्हा चावी मारायची तर मध्ये मिनिटभर दम घ्यायचा. एवढ्या एका परीक्षेत निम्मे निदान होते, आणि त्याला एकही पाना लागत नाही.

समजा सेल्फने आवाजच केला नाही आणि लाईट मात्र लख्ख आहे. म्हणजे बॅटरी शाबूत आहे, पण करंट सेल्फपर्यंत जात नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर न्यूट्रल असल्याशिवाय किंवा क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून सेफ्टी स्विच असतो. थंडीत जाड जोडे घातलेला पाय क्लचवर पुरता बसला नाही तरी एवढे पुरते. ते पाहावे, मग सोलेनॉइडवरची बारीक वायर निसटली आहे का ते पाहावे. इथेच काही ड्रायव्हर हुशारी करतात. खाली उभे राहून सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवतात आणि ठिणगी पाडून इंजिन चालू करतात. बंधूंनो, हे अजिबात करू देऊ नका. असे केल्याने सेफ्टी स्विचला वळसा पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो चालू होतो तो थेट पुढे जातो, आणि मोठे चाक नेमके त्या माणसाच्या अंगावर येते. अशाने माणसे मेलेली आहेत.

थंडीतल्या दहा तक्रारींत सर्वांत जास्त तक्रारी मात्र दुसऱ्या प्रकारच्या असतात, म्हणून तिथे जरा थांबू. चावी फिरवली की 'टक-टक' आवाज येतो, किंवा सेल्फ रडत रडत एक-दोन फेरे मारतो, आणि लाईट मंदावते किंवा पार विझते. लगेच निकाल दिला जातो, "बॅटरी गेली." असेलही. पण बॅटरी विकत आणण्याआधी तिच्या टर्मिनलकडे पाहा. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर करंट तिथेच अडतो. सेल्फ दोनशे अँपियर आणि त्याहून जास्त करंट ओढतो. एवढा लोंढा वाळूने बुजलेल्या चारीतून कसा जाईल? अर्थिंगची वायर आधी काढावी, मग दुसरी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवावेत, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांतून आत जाऊ देऊ नये. पॉलिश पेपरने घासावेत, आवळून बसवावेत, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. बसवताना अर्थिंग शेवटी. फार जुन्या काही ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह बाजू अर्थला असते, म्हणून रंगावर न जाता कुठली वायर चॅसीला जाते ते डोळ्यांनी पाहावे.

आणि त्या अर्थिंगच्या वायरचे दुसरे टोक? ते कोणी पाहतच नाही. एका सभासदाच्या ट्रॅक्टरची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. जानेवारीत सकाळी सेल्फ ओढेना, म्हणून नवी बॅटरी घेतली. दोन दिवस बरे चालले, पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून शहरात नेला, नवे ब्रश बसवले. तरी तेच. टोळी दोन वेळा रिकामी बसली, मुकादम म्हणाला, "मालक, आम्ही दुसरा फड धरतो." शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ड्रायव्हरला चावी मारायला लावली आणि अर्थिंगच्या वायरीवर हात ठेवला. चॅसीकडचे टोक चांगलेच गरम लागले. पावसाळ्याआधी ट्रॅक्टरला रंग दिला होता, तो बोल्टाखालीही गेला होता, आणि त्या रंगाखाली गंज धरला होता. एक बोल्ट, थोडा पॉलिश पेपर आणि दहा मिनिटे, एवढेच काम होते. उन्हाळ्यात असे अर्धवट जोडलेले टोक चालून जाते, थंडीत जात नाही. ज्यांच्याकडे व्होल्टमीटर आहे त्यांनी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला व दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर दोष अर्थिंगमध्ये आहे, बॅटरीत नाही.

बॅटरीची परीक्षाही अशीच सोपी आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी सकाळी १२.६ दाखवील तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली उतरू नये. बूच असलेल्या बॅटरीला हायड्रोमीटर लावला तर भरलेल्या घरात १.२५० च्या आसपास किंवा वर आकडा येतो. पाच घरे चांगली आणि एकच घर फार खाली असेल तर ती बॅटरी सांभाळण्यात अर्थ नाही. एक गोष्ट ध्यानात घ्या, बॅटरी खरी खराब होते ती एप्रिल-मेच्या उन्हाने, पाणी आटल्याने. आपल्याला कळते ते डिसेंबरात. डिस्टिल वॉटर घालायची आठवण म्हणून उन्हाळ्यातच ठेवायची.

बॅटरी चांगली असून रोज सकाळी उतरलेली सापडते, तिचे कारण बहुधा चार्जिंगमध्ये असते, म्हणजे फॅनबेल्ट सैल किंवा अल्टरनेटर अशक्त. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. आणि दुसरे कारण आपले तरुण ड्रायव्हर! ट्रॉलीपेक्षा स्पीकर मोठे. यार्डात नंबर येईपर्यंत इंजिन बंद आणि गाणी रात्रभर चालू, मग पहाटे सेल्फला करंट कुठून मिळायचा? गाणी ऐकू नयेत असे आमचे म्हणणे नाही, पण त्यासाठी वेगळी बॅटरी घ्या.

सेल्फ जड फिरतो पण बॅटरी-वायरी ठीक आहेत, असे असेल तर ऑईल पाहा. इंजिन ऑईल पिते म्हणून काही जण घट्ट, एकाच नंबरचे ऑईल भरतात. ते पहाटे काकवीसारखे होते. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० यांतला 'डब्ल्यू' हिवाळ्यासाठीचा; त्या आधीचा आकडा लहान तितके ऑईल थंडीत पातळ. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिले असेल तेच भरावे.

आता सेल्फ खणखणीत फिरतो पण सायलेन्सरमधून धुराचा ठिपूसही नाही. म्हणजे डिझेल इंजिनात पोचतच नाही. हसू नका, पण आधी इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला आहे का ते पाहा. गारठ्याने त्याची केबल अडकते. मग टाकीचा कॉक, मग फिल्टर. काल संध्याकाळी ठीक चाललेला ट्रॅक्टर फक्त सकाळीच असा वागत असेल तर एअर घेतल्याचा संशय धरावा. कुठल्या तरी वॉशरमधून रात्रभर बारीक हवा शिरते आणि पाईपमधले डिझेल टाकीकडे परत उतरते. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की बोल्ट आवळावा. मात्र रोज एअर काढणे हा उपाय नव्हे, तो वॉशर बदलणे हा उपाय. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या कॉमन रेल इंजिनांचे नोझलकडचे पाईप घरी कधीही सोडू नयेत. त्यांतला दाब इतका असतो की डिझेल कातडी फोडून आत शिरते.

टाकी अर्धी रिकामी ठेवली तर थंड रात्री आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन खाली बसतो. संध्याकाळीच टाकी भरावी आणि फिल्टरच्या तळाचे पाणी सोडावे. थंडीत डिझेल गोठते असे काही जण म्हणतात. डिझेलमधले मेण धरते, हे खरे. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये वेगळे डिझेल काढले, ते उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहते. आपल्याकडे त्याची गरज नाही. प्रमाणाप्रमाणे हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेले पाहिजे. पण उन्हाळी डिझेलला तीच मर्यादा १८ अंशांची आहे. म्हणून मे महिन्यात बॅरलमध्ये भरून ठेवलेले डिझेल जानेवारीत टाकीत ओतू नये.

सेल्फ चांगला फिरतो आणि पांढरा धूर येतो, तर डिझेल पोचते पण पेट घेत नाही. हीटर प्लग असलेल्या ट्रॅक्टरात चावी हीटरवर पुस्तकात दिली तेवढी सेकंदे धरली का, ते पाहा. प्लगच जळाला असेल तर बदला. तो ठीक असेल तर नोझल, टॅपेट, रिंगा यांपैकी काही तरी आहे. ते मिस्त्रीचे काम.

इंजिनाखाली पाचट पेटवणे, हवेच्या फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरणे, हे प्रकार अजून दिसतात. उभ्या उसाच्या शेजारी जाळ करण्याइतका वेडेपणा दुसरा नाही. ईथरचा फवारा हीटर प्लगच्या इंजिनात मारला तर स्फोटाने पिस्टन फुटू शकतो. त्यापेक्षा शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडावी. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हची वायर मात्र बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर, शेवटी लावावी. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने भडकतो. काही ट्रक २४ व्होल्टचे असतात, त्यांची बॅटरी १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला जोडू नये. भरल्या ट्रॉलीसह उतारावर ढकलून चालू करणे तर मुळीच नको.

एवढे करूनही मिस्त्रीला बोलवावे लागले, तर फोनवर नुसते "चालू होईना" म्हणू नका. सेल्फ कसा फिरतो, लाईट मंद होते का, धूर येतो का आणि कोणत्या रंगाचा, ऑईल व डिझेल फिल्टर केव्हा बदलले, एवढे सांगा. म्हणजे तो वॉशर घेऊन यायचा की बॅटरी, हे ठरवूनच घरातून निघेल.