नव्या संगणकाचा खप कसा मोजतात

घरगुती वापराचा नवा संगणक विक्रीला आला की पहिल्या काही आठवड्यांत तो किती खपला, याचा आकडा सहसा जाहीर होत नाही. मोटारींचे तसे नसते. त्यांची नोंदणी आरटीओत होते आणि ‘वाहन’ पोर्टलवर ती कोणालाही पाहता येते. संगणकाची अशी नोंद कुठेच होत नसल्याने गुंतवणूकदाराला दुकानांतून माग काढावा लागतो. रिलायन्सचा १६,४९९ रुपयांचा नवा जिओबुक लॅपटॉप ५ ऑगस्ट २०२३ पासून रिलायन्स डिजिटलच्या दुकानांत आणि ॲमेझॉनवर मिळू लागला, तेव्हाही हाच मार्ग होता.

आधी पाठवलेला माल आणि विकलेला माल यांत फरक करावा लागतो. आयडीसीसारख्या बाजार-संशोधन संस्थांचे तिमाही आकडे मुख्यतः बाजारात पाठवलेल्या मालाचे असतात. ठाणे आणि कल्याणच्या मध्ये भिवंडीची गोदामे आहेत. तिथे उतरलेला माल कंपनीच्या हिशेबात विकला गेलेला असू शकतो, पण डोंबिवलीतल्या एकाही घरात तो पोहोचलेला नसतो.

दुकानात सर्वांत बोलका पुरावा असतो खोक्यावरच्या लेबलाचा. वैधमापन नियमांनुसार त्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापावे लागते. ऑगस्टमध्ये मांडलेली जूनची खोकी ऑक्टोबरातही तशीच दिसली, तर माल हललेला नाही. त्यांच्या जागी सप्टेंबरची आली असतील, तर खप आहे. हिशेब सोपा आहे: आधीचे सहा, नवे आले दहा, उरले नऊ, म्हणजे विकले गेले सात. ‘आज मिळेल का?’ या प्रश्नावर विक्रेता लगेच सूट सांगू लागला, तर साठा अंगावर पडत असल्याची शंका घ्यावी. ‘माल संपला’ हे उत्तर मात्र फसवे असते, कारण मुळात दोनच नग आलेले असू शकतात.

ठाणे-कल्याण पट्ट्यातली आणखी एक अडचण म्हणजे लोकलचा प्रवास. डोंबिवलीचा ग्राहक कामावरून परतताना ठाण्यात खरेदी करतो, त्यामुळे एकाच गावातली दुकाने पाहून त्या गावची मागणी कळत नाही. दोन्हीकडची दुकाने एकत्र धरावी लागतात. हंगामही पाहावा लागतो. जिओबुक आला तेव्हा जूनची शाळा-कॉलेजांची खरेदी उरकली होती आणि त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात होती. ऑगस्टच्या मंद विक्रीवरून मालाला दोष देणे अन्यायाचे ठरले असते.

सुरुवातीचा वेग तसाच पुढे ताणणे ही सर्वांत महाग चूक. ॲपलने १९९८ साली आयमॅकची पहिल्या सहा आठवड्यांतली विक्री २,७८,००० सांगितली, म्हणजे आठवड्याला सुमारे ४६ हजार. वर्षअखेरीस ती ८ लाख झाली. नाताळ धरूनही नंतरचा वेग आठवड्याला ३८ हजारांच्या आसपास उतरला होता, आणि तरीही तो संगणक यशस्वीच ठरला.

हा अंदाज कोणाच्या उपयोगाचा, हेही तपासायला हवे. एक लाख जिओबुक विकले गेले, तरी छापील किमतीने रक्कम १६५ कोटी होते. रिलायन्सचे २०२२-२३ चे एकूण उत्पन्न ९ लाख ७४ हजार कोटींवर होते, त्यात ती दिसतही नाही. रेडिंग्टन किंवा फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर बाजारात आलेली राशी पेरिफेरल्स यांसारख्या वितरकांचे तसे नाही. त्यांचा नफा मुळात पातळ, त्यामुळे न विकलेला साठा थेट झोंबतो.

दुकानात उभे राहून पाहणे कायदेशीर आहे. कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून अप्रकाशित विक्रीचा आकडा काढून त्यावर शेअर घेणे मात्र सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली गुन्हा ठरू शकते.